शिश्नावरील दुर्मीळ त्वचाविकार: निदान आणि उपचारांची कार्यपद्धती

शिश्नावरील चट्टा, व्रण किंवा गाठ घेऊन येणाऱ्या रुग्णाने दवाखान्याची पायरी चढण्याआधी बहुधा काही आठवडे, पुष्कळदा काही महिने, संकोचापायी वाया घालवलेले असतात. तेवढ्या काळात स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेले एखादे तिहेरी मलम परस्पर आणून लावून झालेले असते. त्यामुळे डॉक्टरांसमोर मूळ विकार येतच नाही. अर्धवट उपचारांनी रूप पालटलेला विकार येतो. कुटुंबवैद्य आणि त्वचारोगशास्त्राचे विद्यार्थी यांना अशा वेळी कोणत्या क्रमाने विचार करावा हे समजावे, तसेच जिज्ञासू रुग्णालाही आपली तपासणी कशी व्हायला हवी याची कल्पना यावी, या हेतूने ही मार्गदर्शिका लिहिली आहे. तिच्यातील सर्वांत महत्त्वाचा नियम आधीच सांगतो: योग्य उपचार चालू असूनही साधारण चार आठवड्यांत न हटणाऱ्या कोणत्याही बदलाचा तुकडा तपासून घेतल्याखेरीज (म्हणजे बायोप्सी केल्याखेरीज) तोच उपचार पुढे रेटू नये. पुढील सारे विवेचन या नियमाला धरून आहे.

विचारपूस

दार बंद असलेली खोली आणि नातेवाईक बाहेर, एवढी व्यवस्था झाल्याशिवाय खरी माहिती मिळत नाही. बदल प्रथम कधी दिसला, तो दुखतो की खाजतो की काहीच जाणवत नाही, तो एकाच जागी पुन्हा पुन्हा येतो का, अग्रत्वचा पूर्वीइतकी सहज मागे सरकते का आणि लघवीची धार बदलली आहे का, हे प्रश्न प्रत्येकाला विचारावेत. लैंगिक संबंधांविषयी विचारताना स्वरात न्यायनिवाडा नको. जोडीदार किती व कोण, निरोध वापरला का, जोडीदाराला काही त्रास आहे का, हे सरळ शब्दांत विचारले की उत्तरेही सरळ मिळतात.

औषधांची यादी मात्र जास्त चिवटपणे काढावी लागते. डोकेदुखीची गोळी, जुलाबावरची गोळी किंवा बुरशीसाठी घेतलेला फ्लुकोनॅझोलचा एकच डोस रुग्णाच्या लेखी 'औषध' नसतो. पण ठरावीक जागी उठणाऱ्या औषधी चट्ट्याचे मूळ नेमके तिथेच सापडते. मधुमेहासाठी एसजीएलटी-2 गटातील गोळ्या चालू असल्यास लघवीतून साखर जाते आणि कँडिडा या बुरशीचा संसर्ग वारंवार होतो. छातीतील कळांसाठी निकोरॅन्डिल घेणाऱ्यांत खोल, दुखरे आणि कशानेही न भरणारे व्रण होऊ शकतात. शिश्नाची जाडी वाढवण्यासाठी तेल, पॅराफिन किंवा सिलिकोन टोचून घेतले आहे का, हा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, परंतु टणक आणि वेड्यावाकड्या सुजेचे उत्तर कधीकधी केवळ त्यातच दडलेले असते. तोंडात वारंवार येणारे व्रण, सांधेदुखी, डोळ्यांची लाली, जुनाट जुलाब, पूर्वीचा क्षयरोग आणि डायलिसिस यांचीही नोंद याच वेळी करावी.

तपासणी

चांगला पांढरा प्रकाश, हातमोजे आणि भिंग एवढ्यावर निम्मे काम होते. अग्रत्वचा शक्य तितकी पूर्ण मागे घेऊन शिश्नमुंड, त्यामागची खाच, खालची शिश्नबंधिका (अग्रत्वचेला शिश्नमुंडाशी जोडणारी घडी) आणि मूत्रछिद्र ही सर्व ठिकाणे क्रमाने पाहावीत. नंतर दोन बोटांत धरून चट्ट्याखालचा भाग कडक लागतो का ते चाचपावे, कारण डोळ्याला सपाट दिसणारा पण बोटाला कडक लागणारा भाग कर्करोगाचा इशारा असू शकतो. दोन्ही जांघांतील लसिकाग्रंथी, वृषणकोश आणि गुदद्वाराभोवतीची त्वचाही तपासावी. तपासणी संपल्यावर अग्रत्वचा पुन्हा पुढे आणून ठेवणे विसरू नये. ती मागेच राहिली तर सूज येऊन अडकते आणि तातडीची शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते.

त्यानंतर रुग्णाचे उरलेले शरीर पाहावे. शिश्नावर संदिग्ध दिसणारे विकार अन्यत्र आपली ओळख स्पष्टपणे सांगतात: सोरायसिसची खपली टाळू, कोपरे आणि नखांवर मिळते, लायकन प्लॅनस या दाहविकाराची पांढरी जाळी गालाच्या आतल्या बाजूला दिसते, रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिसमध्ये (संसर्गानंतर उद्भवणाऱ्या सांधेदाहात) तळपायांवर जाड खवले असतात, तर बेचेट या रक्तवाहिन्यांच्या दाहविकारात तोंडातील व्रण आधीपासून चालू असतात. अग्रत्वचेखाली सतत ओलावा असल्यामुळे सोरायसिसचे पांढरे खवले तिथे तयारच होत नाहीत आणि उरतो तो फक्त गुळगुळीत लाल चट्टा. म्हणून रुग्णाला पूर्ण कपडे काढायला सांगण्यात संकोच करू नये.

काय विकार नाही हेही ओळखता आले पाहिजे. शिश्नमुंडाच्या कडेने एका किंवा दोन ओळींत मांडल्यासारखे असणारे मोत्यासारखे बारीक उंचवटे आणि शिश्नाच्या त्वचेतील पिवळसर फोर्डाइस ठिपके ही निरोगी शरीराची ठेवण आहे. त्यांना चामखीळ समजून जाळण्याचे प्रकार आजही घडतात, आणि तसे करणे माझ्या मते अक्षम्य आहे.

लाल चट्टा

या विषयातील सर्वांत निसरडी जागा हीच, म्हणून येथे थोडे थांबू.

सुंता न झालेल्या मध्यमवयीन किंवा वृद्ध पुरुषाच्या शिश्नमुंडावर चकचकीत, ओलसर आणि नारिंगीकडे झुकणारा लाल चट्टा असेल, त्यात गडद तांबडे बारीक ठिपके असतील आणि अग्रत्वचेच्या समोरासमोर टेकणाऱ्या भागावर त्याच आकाराचा जोडचट्टा असेल, तर 1952 मध्ये झून यांनी वर्णिलेला प्लाझ्मा पेशींचा बॅलॅनायटिस (शिश्नमुंडाचा दाह) मनात यावा. तो सौम्य आहे. परंतु शिश्नमुंडावरील मखमली पोताचा, रेखीव कडेचा लाल चट्टा हा 1911 मध्ये क्वेराट यांनी वर्णिलेला एरिथ्रोप्लेशिया असू शकतो, आणि तो म्हणजे वरच्या थरापुरता मर्यादित असलेला कर्करोग. पुस्तकातील छायाचित्रांत हे दोन विकार वेगळे दिसतात, पण रुग्णाच्या अंगावर, विशेषतः काही महिने स्टिरॉइड लावल्यावर, त्यांतील फरक अनुभवी डोळ्यालाही चकवतो. डर्मोस्कोपची (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या प्रकाशित भिंगाची) मदत होते: झूनच्या चट्ट्यात नारिंगी-पिवळे, रचनाहीन भाग आणि नागमोडी रक्तवाहिन्या दिसतात, तर एरिथ्रोप्लेशियात गुंडाळी केल्यासारख्या बारीक रक्तवाहिन्या विखुरलेल्या असतात. तरीही डर्मोस्कोपच्या भरवशावर बायोप्सी टाळू नये. झूनचे निदान पक्के झाल्यावर स्वच्छता, सौम्य ते मध्यम ताकदीचे स्टिरॉइड मलम किंवा टॅक्रोलिमस (स्टिरॉइड नसलेले दाहशामक मलम) यांनी आराम पडतो. कायमचा इलाज मात्र सुंता हाच, कारण अग्रत्वचेखालचा ओलावा आणि घर्षण गेले की हा विकार सहसा परत येत नाही.

एरिथ्रोप्लेशिया आणि शिश्नदंडावरील खवलेदार बोवेन विकार यांना आता शिश्नाच्या अधित्वचेतील (वरच्या थरातील) निओप्लेशिया, म्हणजे पेशींची कर्करोगपूर्व वाढ, या एकाच नावाखाली घेतात. त्यांचा एक प्रवाह मानवी पॅपिलोमा विषाणूशी, प्रामुख्याने प्रकार 16 शी, जोडलेला आहे, तर दुसरा लायकन स्क्लेरोसस या त्वचा पांढरी व चिवट करणाऱ्या विकारातून (त्याविषयी पुढे), विषाणूशिवाय येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या वर्गीकरणातही शिश्नाच्या कर्करोगाची विभागणी याच आधारावर केलेली आहे. उपचारांची सुरुवात शक्यतो सुंतेने करावी, त्याने रोगाचा काही भाग निघून जातो आणि उरलेला भाग नजरेखाली राहतो. त्यानंतर 5 टक्के फ्लुओरोयुरॅसिलचे मलम दिवसाआड सुमारे चार आठवडे लावणे ही एक रूढ पद्धत आहे. या काळात भाग लालबुंद होतो, सोलवटतो आणि चांगलाच दुखतो, याची आगाऊ कल्पना न दिल्यास रुग्ण दुसऱ्याच आठवड्यात मलम सोडून देतो. इमिक्विमोड, लेझर, मोझ पद्धतीची (थर-थर काढून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहत जाणारी) शस्त्रक्रिया किंवा शिश्नमुंडाचे आवरण काढून त्वचारोपण करणे हे पुढचे पर्याय आहेत. उपचार संपल्यावर पुन्हा बायोप्सी घ्यावी लागू शकते. जोडीदार स्त्री असल्यास तिने गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी.

तरुणांत शिश्नदंडावर तपकिरी, किंचित खरखरीत आणि चामखिळीसारखे अनेक उंचवटे असतील तर बोवेनॉइड पॅप्युलोसिसची शक्यता असते. सूक्ष्मदर्शकाखाली तो कर्करोगाइतका भयंकर दिसतो, पण तरुण आणि चांगली प्रतिकारशक्ती असलेल्या रुग्णांत त्याचे वर्तन सहसा सौम्य असते, म्हणून येथे मोठी शस्त्रक्रिया करण्याची घाई नको.

वृषणकोश व शिश्न यांच्या सांध्यावरचा खाजणारा आणि वर्षानुवर्षे 'बुरशी' म्हणून उपचार चाललेला चट्टा हा स्तनबाह्य पॅजेट विकार, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील एक कर्करोग, असू शकतो. असा अहवाल आल्यास केवळ चट्टा कापून थांबू नये. मूत्राशय, प्रोस्टेट आणि मोठे आतडे यांत लपलेला कर्करोग नाही ना, हे दुर्बीण तपासण्यांनी आणि योग्य त्या चाचण्यांनी पाहावे.

औषधी चट्टा ओळखणे त्या मानाने सोपे. गोळी घेतल्यावर काही तासांत एकच गोल, जांभळट-लाल आणि कधी फोड असलेला चट्टा उठतो, तो बरा होताना काळसर डाग ठेवून जातो आणि पुढच्या वेळी नेमका त्याच जागी परत येतो. वेदनाशामके, सल्फा औषधे, टेट्रासायक्लिन आणि नायट्रोइमिडॅझोल गटातील औषधे हे नेहमीचे अपराधी आहेत. जोडीदाराने घेतलेल्या औषधामुळे संबंधानंतर असा चट्टा उठल्याच्याही नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, तेव्हा रुग्णाच्या यादीत काहीच सापडले नाही तर जोडीदाराची यादी विचारावी.

पांढरेपणा आणि आवळत जाणारी अग्रत्वचा

लायकन स्क्लेरोसस हा तसा फार दुर्मीळ नाही, तो दुर्लक्षित आहे. अग्रत्वचेच्या कडेला पांढरट, चिवट कडे तयार होते, संबंधाच्या वेळी त्वचा फाटते, शिश्नमुंडावर पातळ चकाकती त्वचा आणि बारीक रक्तस्राव दिसतात, आणि पुढे मूत्रछिद्र अरुंद होऊन लघवीची धार बारीक किंवा फाटलेली होते. प्रौढ वयात नव्याने आवळू लागलेली अग्रत्वचा हे या विकाराचे लक्षण आहे असे धरूनच चालावे.

उपचारांत हात आखडता घेऊ नये. 0.05 टक्के क्लोबेटॅसॉल प्रोपिओनेट दिवसातून एकदा, एक ते तीन महिने, आणि नंतर हळूहळू कमी करत नेणे हा पहिला मार्ग. एवढे तीव्र स्टिरॉइड नाजूक भागावर देताना अनेकांना भीती वाटते, परंतु निदान पक्के असेल, मात्रा एका वेळी अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल आणि रुग्ण ठरल्या वेळी दाखवायला येत असेल, तर येथे त्याचा लाभ धोक्यापेक्षा मोठा आहे. निदानाविना तेच मलम महिनोन्‌महिने चोळले की त्वचा पातळ होते, लाली व आग कायमची बसते आणि मलम थांबवताच ती उफाळते. लघवीचे थेंब अग्रत्वचेखाली साचून राहणे हे या विकाराला खतपाणी घालते असे बऱ्याच तज्ज्ञांचे मत आहे. म्हणून लघवीनंतर मूत्रमार्ग खालून पुढे दाबून रिकामा करणे, टिपून कोरडे करणे आणि व्हॅसलिनसारख्या मलमाचा पातळ थर लावणे शिकवावे. मात्र असे तेलकट मलम लेटेक्सच्या निरोधाला कमकुवत करते, हेही त्याच वेळी सांगावे.

मलमाने न सैलावणाऱ्या अग्रत्वचेसाठी सुंता करावी. मूत्रमार्ग अरुंद झाला असेल आणि पुनर्रचना करायची असेल, तर जननेंद्रियाची त्वचा वापरू नये, तिच्यातही हाच विकार पुन्हा उद्भवतो. गालाच्या आतील आवरणाचा तुकडा वापरणे हा मान्य पर्याय आहे. आणि काढलेली अग्रत्वचा, ती कितीही साधी दिसली तरी, कचऱ्यात न टाकता विकृतिशास्त्राच्या तपासणीस पाठवावी.

वयस्क पुरुषाच्या शिश्नमुंडावर जाड, अभ्रकासारखे पापुद्रे सुटणारा कठीण थर बसला असेल, तर 1961 मध्ये वर्णिला गेलेला अभ्रकी केराटोटिक बॅलॅनायटिस आठवावा. त्याखाली व्हेरुकस कार्सिनोमा (चामखिळीसारखा दिसणारा कर्करोग) दडलेला असू शकतो, त्यामुळे वरवरचा पापुद्रा तपासून 'कर्करोग नाही' असा निर्वाळा देऊ नये; तळापर्यंतचा तुकडा घ्यावा.

व्रण

कोणताही व्रण प्रथम संसर्गजन्य समजून तपासावा आणि दुर्मीळ कारणांकडे नंतर वळावे. सिफिलिसचा व्रण संसर्गानंतर 10 ते 90 दिवसांत येतो, तो बहुधा एकच, न दुखणारा आणि तळाशी कडक असतो. सुरुवातीच्या दिवसांत सिफिलिससाठीची रक्ताची आरपीआर चाचणी नकारात्मक येऊ शकते, म्हणून संशय असल्यास ती काही आठवड्यांनी पुन्हा करावी. नागिणीच्या कुळातील हर्पिस विषाणू, हिमोफिलस डुक्रेयी (दुखऱ्या मऊ व्रणाचा जंतू), क्लॅमिडिया आणि 2022 पासून जगभर चर्चेत आलेला एमपॉक्स यांसाठी व्रणाच्या तळाचा स्वॅब घेऊन पीसीआर (जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी) चाचणी करणे सर्वांत उपयुक्त. एचआयव्हीची चाचणी प्रत्येकाची, समुपदेशन करून आणि संमती घेऊन करावी.

डोनोव्हॅनोसिस हा लैंगिक संबंधांतून पसरणारा जंतुसंसर्ग आता क्वचितच दिसतो, आणि त्यामुळेच तो ओळखला जात नाही. ताज्या मांसासारखा लालभडक, न दुखणारा, हात लागताच रक्त येणारा आणि हळूहळू पसरत जाणारा व्रण पाहिला की त्याच्या कडेचा लहान तुकडा दोन काचपट्ट्यांत चिरडून लेशमन किंवा गिम्सा रंगाने रंगवावा. मोठ्या भक्षक पेशींच्या आत, दोन्ही टोकांना गडद रंग घेतलेले जंतू दिसले की निदान झाले. हेच जंतूपिंड 1905 मध्ये मद्रास येथे चार्ल्स डोनोव्हन यांनी दाखवून दिले होते. ॲझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम आठवड्यातून एकदा किंवा 500 मिलिग्रॅम रोज, किमान तीन आठवडे आणि व्रण पूर्ण भरेपर्यंत द्यावे. अर्धवट भरलेला व्रण पाहून औषध थांबवले की तो पुन्हा उलटतो.

शिश्नमुंडावर थव्याथव्याने बारीक पुटकुळ्या येत असतील, त्यांच्या मध्यभागी खपली धरून व्रण होत असतील आणि ते खड्डे ठेवून भरत असतील, तर क्षयरोगाशी निगडित पॅप्युलोनेक्रोटिक ट्यूबरक्युलिड असू शकतो. जुन्या रुग्णांत शिश्नमुंड वाळवीने कोरल्यासारखे दिसते. या व्रणांच्या तुकड्यात क्षयजंतू सहसा सापडत नाहीत. ट्यूबरक्युलिन चाचणी तीव्र सकारात्मक येते आणि शरीरात अन्यत्र क्षयरोग शोधावा लागतो. प्रत्यक्ष क्षयजंतूंमुळे होणारा व्रण यापेक्षाही विरळ असून त्याचा तुकडा जंतुसंवर्धनासाठी आणि आण्विक चाचणीसाठी न विसरता पाठवावा. दोन्हींत चार औषधांचा दोन महिने आणि त्यानंतर पुढील टप्प्याचा प्रमाणित उपचारक्रम वापरतात.

जांभळट, आतून पोखरलेल्या कडेचा, झपाट्याने वाढणारा आणि असह्य दुखणारा व्रण पायोडर्मा गँग्रिनोसम असू शकतो. येथे सवयीप्रमाणे व्रण खरवडून साफ केला तर तो दुप्पट होतो, कारण इजा हेच या विकाराचे इंधन आहे. संसर्ग व कर्करोग नाहीत याची खात्री झाल्यावर स्टिरॉइड किंवा सायक्लोस्पोरिन देऊन तो आटोक्यात आणतात, आणि आतड्याचा दाहविकार किंवा रक्ताचा विकार मागे आहे का ते पाहतात. निकोरॅन्डिलमुळे झालेला व्रण ते औषध बंद केल्याशिवाय भरत नाही. पण ते हृदयरोगतज्ज्ञांशी बोलूनच बंद करावे. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत हर्पिसचा व्रण महिनोन्‌महिने चिघळत राहतो, असायक्लोव्हिरला दाद देत नाही आणि त्याच्यासाठी दिलेले फॉसकार्नेट स्वतःच शिश्नावर नवे व्रण करू शकते. डायलिसिसवरील रुग्णात शिश्नाचे टोक कोरडे व काळे पडून प्राणांतिक वेदना होत असतील, तर कॅल्सिफिलॅक्सिसचा (लहान रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचून त्या बंद पडण्याचा) विचार करावा आणि तेथे बायोप्सीने व्रण वाढण्याचा धोका असल्याने तज्ज्ञांच्या सल्ल्याविना हात लावू नये.

वृषणकोशाची किंवा शिश्नाची त्वचा काही तासांत काळी पडू लागली, ताप आला, दाबल्यावर त्वचेखाली कुरकुर जाणवली, तर तो फूर्निए गँग्रीन, म्हणजे झपाट्याने ऊती कुजवणारा जीवघेणा संसर्ग, आहे. त्यासाठी कोणतीही कार्यपद्धती वाचत न बसता रुग्णाला शस्त्रक्रियागृहात न्यावे.

गाठी, दोर आणि काळे डाग

शिश्नाच्या पाठीवर अचानक दोरीसारखी कडक शीर लागली की रुग्ण घाबरून येतो. ती बहुधा पृष्ठशिरेतील रक्ताची गुठळी, म्हणजे मोंडोर विकार असते, किंवा लसिकावाहिनीचा दाह. दोन्ही सहसा चार ते आठ आठवड्यांत आपोआप विरतात. तोपर्यंत संबंध टाळणे आणि गरजेपुरते वेदनाशामक घेणे पुरेसे. येथे धीर देणे हाच मुख्य उपचार.

फुलकोबीसारखी वाढत जाणारी, आत खोल शिरणारी मोठी चामखीळ ही 1925 मध्ये वर्णिलेली बुशके-लोवेनस्टाइन गाठ असू शकते. ती मानवी पॅपिलोमा विषाणूच्या 6 व 11 या प्रकारांशी निगडित असून तिला जाळत किंवा गोठवत न बसता पूर्ण काढून टाकावे. पोडोफायलिन हे चामखिळीवरचे औषध लावल्यावर लगेच बायोप्सी घेऊ नये, त्या औषधाने पेशींत होणारे बदल कर्करोगाचा भास निर्माण करतात. जांभळ्या गाठी दिसल्यास कापोसी सार्कोमा (रक्तवाहिन्यांच्या पेशींचा कर्करोग) आणि एचआयव्ही, स्पर्शाने ठणकणारी निळसर गाठ असल्यास ग्लोमस गाठ (त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांची सौम्य गाठ), आणि ओटीपोट ते मांड्या या पट्ट्यात असंख्य लालकाळे अँजिओकेराटोमा (रक्तवाहिन्यांचे बारीक ठिपके) असल्यास फॅब्री हा आनुवंशिक विकार ध्यानात घ्यावा.

काळे डाग बहुतांशी निरुपद्रवी असतात, जरी ते वेडेवाकडे व अनेक असले तरी. परंतु डर्मोस्कोपमध्ये निळे, करडे किंवा पांढरे रचनाहीन भाग दिसले, डाग उंचावला किंवा त्यातून रक्त आले, तर मेलॅनोमाच्या (रंगपेशींच्या कर्करोगाच्या) शंकेने सर्वांत गडद आणि जाड जागेचा तुकडा घ्यावा.

बायोप्सी

शिश्नाच्या बायोप्सीची भीती रुग्णापेक्षा डॉक्टरांनाच अधिक असते, असे माझे निरीक्षण आहे. प्रत्यक्षात ही छोटी प्रक्रिया आहे. रक्त पातळ करणारी औषधे विचारावीत, लेखी संमती घ्यावी आणि संमतीनेच ओळख न पटेल असे छायाचित्र काढून ठेवावे. भुलीचे मलम झाकून ठेवल्यानंतर बारीक सुईने लिडोकेन टोचले की दुखणे कमी होते. ॲड्रिनलिनविरहित लिडोकेन वापरण्याची प्रथा अनेक ठिकाणी पाळतात. पंच (गोल तुकडा कापणारे हत्यार) 3 किंवा 4 मिलिमीटरचा पुरतो. शिश्नमुंडावरील वरवरच्या चट्ट्यासाठी त्वचा चिमटीत किंचित उचलून वक्र कात्रीने तुकडा काढणे सोयीचे. खालच्या मध्यरेषेवर मूत्रमार्ग अगदी जवळ असतो आणि शिश्नबंधिकेत लहान रोहिणी असते, म्हणून या दोन जागा टाळाव्यात. व्रणाचा तुकडा त्याच्या मधोमध घेतल्यास फक्त मृत पेशी मिळतात. तो कडेवरून, थोडी निरोगी त्वचा धरून घ्यावा. चट्टा मोठा आणि निरनिराळ्या रूपांचा असेल तर एकाऐवजी दोन-तीन जागांचे तुकडे घ्यावेत. रक्त दाबून थांबते, न थांबल्यास ॲल्युमिनियम क्लोराइड लावावे किंवा विरघळणारा एखादा टाका घालावा.

एक तुकडा फॉर्मालिनमध्ये जातो. संसर्गाची शंका असल्यास दुसरा सलाइनमध्ये संवर्धनासाठी जातो, कारण फॉर्मालिनमध्ये बुडवलेल्या तुकड्यात जंतू वाढत नाहीत आणि ही चूक नंतर सुधारता येत नाही. फोड येणाऱ्या स्वप्रतिकारक विकारांसाठी तिसरा तुकडा इम्युनोफ्लुओरेसन्सच्या द्रावणात ठेवावा लागतो. विनंतीपत्रावर 'शिश्नावरील चट्टा' एवढेच लिहिणे म्हणजे विकृतिशास्त्रज्ञांना अंधारात ढकलणे आहे; वय, कालावधी, नेमकी जागा, आतापर्यंत लावलेली औषधे आणि 'झून की निओप्लेशिया' असा थेट प्रश्न त्यात असावा. स्टिरॉइड चालू असल्यास, आणि घातक विकाराची शंका नसल्यास, ते दोन आठवडे थांबवून बायोप्सी घेतल्याने चित्र अधिक स्पष्ट मिळते. अहवाल आणि डोळ्यांना दिसणारे चित्र जुळत नसेल तर अहवालापुढे मान तुकवण्याऐवजी पुन्हा तुकडा घ्यावा.

आत शिरलेल्या कर्करोगाचा अहवाल आल्यास रुग्णाला अनुभवी मूत्ररोग-कर्करोग केंद्राकडे तत्काळ पाठवावे. जांघेतील ग्रंथींची अवस्था त्याचे भवितव्य ठरवते. रोगाचा पहिला मुक्काम असणारी पहारेकरी ग्रंथी शोधण्याची कल्पना कबानास यांनी 1977 मध्ये शिश्नाच्या कर्करोगातच मांडली होती, आणि सुधारित रूपात ती आज इतर कर्करोगांतही वापरली जाते.

निदान होईपर्यंत आणि त्यानंतर

अहवाल येईपर्यंत सर्व मलमे बंद ठेवावीत, साबण, सुगंधी पुसण्या आणि जंतुनाशक द्रव टाळावेत, कोमट पाण्याने किंवा मिठाच्या सौम्य पाण्याने भाग धुऊन टिपून कोरडा करावा. संसर्ग नाकारला जाईपर्यंत संबंध ठेवू नयेत. केवळ एवढ्याने बरे होणारे रुग्ण थोडे नाहीत, कारण त्यांचा मूळ विकार साबणाचा किंवा मलमाचा त्रास एवढाच असतो.

निदानानंतर काय झाले आहे, ते संसर्गजन्य आहे की नाही आणि जोडीदाराला तपासणीची गरज आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे रुग्णाने न विचारताच द्यावीत. लायकन प्लॅनस किंवा लायकन स्क्लेरोसस झालेल्या रुग्णाला 'हा गुप्तरोग नाही' असे लिहून दिलेला कागद पुष्कळदा मलमाइतकाच आराम देतो. लायकन स्क्लेरोससचा रुग्ण तीन महिन्यांनी, पुन्हा सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा पाहावा. निओप्लेशियाच्या रुग्णाला पहिली काही वर्षे त्याहून कमी अंतराने बोलवावे आणि प्रत्येक भेटीत जुन्या छायाचित्राशी ताडून पाहावे. मधल्या काळात रुग्णाने महिन्यातून एकदा आरशासमोर स्वतः तपासणी करावी, आणि नवी गाठ, न भरणारा व्रण, रक्त, कडकपणा किंवा लघवीच्या धारेतील बदल आढळल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात यावे.